कटलफिशची आखणी

सिद्धलिंगप्पांनी पाण्याचं बोट फिरवून ऑक्टोपसचा आठवा हात धडाला जोडला, मान तिरकी करून पाहिलं आणि सवयीने त्याला दोन कमानदार भुवया काढल्या. अभिमन्यूने लगेच हरकत घेतली.

“अज्जा, ऑक्टोपसला भुवया नसतात.”

“मग राग आलेला कळायचा कसा?”

“रंग बदलतो तो. आणि हा तर आरतीला उभारल्यासारखा बघालाय की!”

सगळा वर्ग खिदळला. सिद्धलिंगप्पांनाही हसू आवरेना. शुक्रवार पेठेत पन्नास वर्षं गणपती घडवलेला माणूस. त्यांच्या हातून मासासुद्धा प्रसन्न मुद्रेचाच निघायचा. मागच्या शनिवारी त्यांनी करून दाखवलेल्या शार्कचं पोट इतकं सुटलं होतं की मुलांनी तो पुन्हा मोडून करायला लावला.

जुळे सोलापुरातल्या या शाळेत यास्मीन मॅडम विज्ञान शिकवायच्या. समुद्रातले प्राणी शाडूत घडवायचे, पण खरेखुरे, हा त्यांचा नियम. फळ्यावर चित्रं आणि मापं लावलेली. कल्ले मोजा, पर मोजा, जुळलं नाही की मोडा. वर्गातल्या निम्म्या मुलांनी समुद्र पाहिला नव्हता, पण भांडत अशी होती की जणू रोज सकाळी तिथेच तोंड धुतात.

अपेक्षाने, म्हणजे सिद्धलिंगप्पांच्या नातीने, हट्ट धरून त्यांना इथे आणलं होतं. येताना त्यांनी मॅडमना एकच अट घातली होती.

“माती शिकवतो. रंगाला हात लावणार न्हाई.”

मॅडमनी कारण विचारलं नाही, हे त्यांना फार बरं वाटलं होतं.

कारण हातात होतं. माती दाबताना अंगठा मुकाट काम करायचा. बारीक ब्रश धरला की मात्र हात थरथरायला लागायचा. त्यांच्या घरी मूर्तीचे डोळे सगळ्यात शेवटी आणि घरातल्या थोरल्या हातानेच आखायचे. आखणी चालू असताना कुणी बोलायचं नाही, दारातून आत यायचं नाही. यंदा पहिल्याच गणपतीच्या बुबुळाची कड वेडीवाकडी गेली.  मुलाने, सोमशेखरने, ब्रश अलगद बापाच्या बोटांतून काढून घेतला आणि उरलेल्या सगळ्या मूर्तींची आखणी स्वतः केली. चांगली केली, हेही खरं. त्या दिवसापासून रंगाचे डबे उघडले की सिद्धलिंगप्पा चहाला म्हणून बाहेर पडत आणि पेठेतून उगीच दोन चकरा मारत.

आज शेवटचा दिवस होता; ऑक्टोपस नुसता उरलेल्या मातीचा, गंमत म्हणून चालला होता. चार वाजता पालक प्रदर्शन पाहायला येणार होते. वाळलेले प्राणी रंगवून बाकांवर ओळीने बसले होते. फक्त अपेक्षाचा कटलफिश आंधळा होता. आठ हात, शिकार पकडायचे दोन लांब हात, अंगाभोवती झालरीसारखा पर, पाठीवर वाघासारखे पट्टे. सगळं जागच्या जागी, आणि डोळ्यांच्या जागी दोन कोऱ्या पांढऱ्या गोळ्या.

वर्गात सगळ्यांना शार्क हवा होता. हिने हा कुणाला माहीत नसलेला प्राणी का घेतला, याचं कारण तिने घरीच सांगितलं होतं. अज्जांच्या पेटीतला समुद्रफेस दाखवून ती म्हणाली होती, “हे ह्याचंच आतलं हाड हाय, अज्जा.” सिद्धलिंगप्पा थक्क झाले होते. काष्ठौषधीच्या दुकानातून आणलेल्या त्या पांढऱ्या तुकड्याने त्यांनी जन्मभर गणपतीचे गाल घासून गुळगुळीत केले होते. समुद्राचा फेसच वाळून घट्ट होत असावा, असं त्यांनी कधीतरी ठरवून टाकलं होतं.

“अपेक्षा, डोळे कर ना पटकन,” मॅडम म्हणाल्या. “साडेतीन वाजले.”

“मी न्हाई करणार. आमच्यात डोळे अज्जाच उघडतात.”

तिने ब्रश पुढे धरला. तीस मुलं बघत होती. सिद्धलिंगप्पांना नातीचा मनापासून राग आला. या पोरीला सगळं ठाऊक होतं. सोमशेखरने ब्रश काढून घेतला तेव्हा ती तिथेच रंग कालवत बसली होती. पण पुढे धरलेला ब्रश नाकारणं तो धरण्याहून जड होतं. त्यांनी तो घेतला.

“कुणी बोलू नका,” अपेक्षाने सगळ्यांना बजावलं.

 सिद्धलिंगप्पांनी श्वास रोखला, मनगटाला दुसऱ्या हाताचा आधार दिला आणि काळी रेघ ओढायला घेतली. मध्यावर हात गेलाच. रेघ खाली घसरली, वर उसळली, पुन्हा खाली जाऊन वर आली. त्यांनी ब्रश उचलला.  पुसायला फडकं शोधावं म्हणून ते वळले.

अभिमन्यू कटलफिशला नाक लावून बघत होता. मग धावत जाऊन त्याने फळ्यावरचं चित्र काढून आणलं आणि डोळ्याशेजारी धरलं.

“मॅडम! सेम!”

यास्मीन मॅडमनी चष्मा वर केला. “खरंच की. उजेडात कटलफिशच्या डोळ्यातली बाहुली अशीच दिसते, नागमोडी. आजोबा, तुम्हाला ठाऊक होतं?”

“मला कुटलं ठाऊक,” सिद्धलिंगप्पा पुटपुटले. पण छाती हलकी झाली होती. एवढा आनंद त्यांना कित्येक महिन्यांत झाला नव्हता, आणि तो लपवायला त्यांनी मिशीवरून हात फिरवला तर मिशीलाच काळा रंग लागला. पोरं पुन्हा खिदळली.

“पाणी बदलून आणते,” म्हणत अपेक्षा वाटी घेऊन पळाली.

तिची वही कटलफिशच्या पाटाखाली दबली होती. रंग सांडायला नको म्हणून त्यांनी ती ओढून घेतली आणि मिटता मिटता थांबले. पानभर नुसते डोळेच काढले होते. शार्कचा, कासवाचा, डॉल्फिनचा, ऑक्टोपसचा. सगळ्यांच्या बाहुल्यांच्या कडा नीट, साफ, आणि सगळ्यांवर काट मारलेली. अगदी तळाशी एकच डोळा चौकटीत होता, कटलफिशचा, त्यात एक वेडीवाकडी काळी रेघ.

सिद्धलिंगप्पांनी वही मिटून होती तशी पाटाखाली सरकवली.

अपेक्षा वाटी घेऊन परतली. “अज्जा, दुसरा डोळा राहिलाय.”

“सरक जरा,” ते म्हणाले. “उजेड येऊ दे.”

या वेळी त्यांनी मनगटाला आधार दिला नाही. हात थरथरत होता, तसाच त्यांनी ब्रश टेकवला.