दारातली उरुळी

राजसबाईंना सूनबाईच्या घराचं काही म्हणजे काही कळेना. आता हेच बघा. हॉलच्या कोपऱ्यात दगडी उखळ आणि त्यात उभा लॉरीचा हेडलाइट! मुलगा रघुराम शहराबाहेरच्या ट्रक कारखान्यात इंजिनिअर. त्यानं भंगारातून तो आणला आणि सुनेनं, मधुवंतीनं, त्याचा दिवा केला. चकलीचा सोऱ्या तंजावरी चित्राशेजारी खिळ्याला टांगलेला. तांदूळ मोजायच्या पितळी मापट्यात पेनं. बरं, दिसायचं छान, नाही म्हणायला जीभ रेटत नव्हती. पण सोऱ्या भिंतीवर गेला तर चकल्या कशात पाडायच्या, हे विचारायचं कुणाला?

नवरा, व्यासराज, गेल्यावर तीन वर्षं त्या तंजावरात एकट्याच राहिल्या. यंदा, २००६ साली, रघुरामनं ऐकलंच नाही. सगळी भांडीकुंडी टेम्पोत घालून त्यानं त्यांना वेस्ट मांबलमच्या फ्लॅटमध्ये कायमचं आणलं. मधुवंती नाशिकची, बँकेत नोकरीला, स्वभावानं गोड. पण सकाळपासून तिचं एकच पालुपद, "आई, तुम्ही बसा हो." चिरायला कामवाली कामाक्षी, वाटायला मिक्सर, आणि राजसबाई आपल्या बसलेल्या. बसून बसून त्यांच्या मनानं भलतंच घेतलं. या घरात जुन्या वस्तूला कामच नाही, तिनं नुसतं शोभायचं. सोऱ्या भिंतीवर, मापटं टेबलावर आणि मी सोफ्यावर! दसरा झाला की रघूला सांगायचं, मला कुंभकोणमला धाकट्या भावाकडे पोचवून ये. ठरलं म्हणजे ठरलं. ठरवताना जीव तुटत होता ते वेगळं. या पोरीवर माया बसली होती ना मेली!

नवरात्रातल्या शुक्रवारी बँकेतल्या बायका कोलूच्या, पायऱ्यांवर मांडलेल्या, बाहुल्या बघायला, हळदीकुंकवाला यायच्या होत्या. राजसबाई न्हाऊन केस पुसत बाहेर आल्या आणि जागच्या जागी थबकल्या. उंबऱ्याशी काशाची मोठी, रुंद तोंडाची उरुळी, चिंचेनं घासून लख्ख केलेली. पाण्यात कमळं, झेंडू आणि काठाला निळ्या दिव्यांची माळ.

"अय्यो! अगो, ही माळ्यावरून कुणी काढली?"

"मीच," मधुवंती हसत म्हणाली. "फडक्यात गुंडाळलेली होती. कशी दिसतेय?"

"श्राद्धाची उरुळी गे ती! वर्षातून एकदा हिच्यात पायसम होतं. आधी सासऱ्यांच्या श्राद्धाचं, आता यांच्या. एरवी हिला कुणी हात लावत नाही आणि तू सवाष्णींच्या वाटेत मांडलीस?"

मधुवंती मटकन खालीच बसली. तिला रडू कोसळलं.

"मला खरंच ठाऊक नव्हतं हो आई. श्राद्धाला स्वयंपाक आचाऱ्यानं केला, मी फक्त पानावर वाढलेलं बघितलं. तुमच्या सामानात ही सगळ्यात सुंदर वाटली. म्हणून येणाऱ्याला आधी दिसेल अशी ठेवली. विचारणारही होते, पण तुम्ही आल्यापासून गप्प गप्प. वाटलं, माझं काहीच तुम्हाला पसंत पडत नाही."

"आणि तू मला सारखी बसवून ठेवतेस ते?"

"माझी आई काम करता करताच गेली. एक दिवस निवांत बसलेली मी तिला बघितली नाही. तुम्ही तरी बसावं, असं वाटायचं."

राजसबाईंना वाटलं, काय बाई मी तरी, म्हातारी झाले आणि अक्कल कुठं गेली माझी! त्यांनी सुनेला हाताला धरून उठवलं.

"पूस डोळे. सांगायचं काम माझं होतं, मीच तोंड शिवून बसले. फुलं परातीत काढ. बायका येतील आता."

उरुळी आत गेली. उंबऱ्याशी जागा ओकीबोकी दिसायला लागली. "राहू दे आई," मधुवंती म्हणाली, पण राजसबाई ऐकतात होय! त्या तरातरा बाल्कनीत गेल्या आणि रघूचं कारखान्यातलं जुनं पिवळं हेल्मेट घेऊन आल्या. स्वच्छ धुतलं, उलटं ठेवलं, तर ते डुलायला लागलं. मग जुन्या लुगड्याची चुंबळ वळून त्यांनी ते तिच्यावर घट्ट बसवलं, पाणी ओतलं आणि एकेक कमळ सोडलं. मधुवंती नाक पुसता पुसता हसायला लागली.

बँकेतली विद्यालक्ष्मी तर दारातच उभी राहिली. "हे कुणाला सुचलं?"

"आमच्या आईंना!" मधुवंतीनं असं काही ठसक्यात सांगितलं की राजसबाईंना चक्क लाजल्यासारखं झालं. कुंभकोणमचं नाव त्यांनी पुढं कुणाजवळ काढलंच नाही.

रविवारी सकाळी मधुवंती वही घेऊन माळ्याखाली स्टुलावर चढली. "आई, कुठलं भांडं कशाचं ते सांगा. लिहून घेते सगळं."

राजसबाई खालून सांगत गेल्या. हे पोंगलचं, ते लोणच्याचं, ती कढई अधिरसम तळायची. फडक्यातल्या उरुळीपाशी मधुवंतीचा हात थांबला.

"ही आता कळली मला," ती हळूच म्हणाली.

"कुठं कळली? हिच्यातलं पायसम यायला नको? यंदा आचारी नको. तू कर, मी शेजारी उभी राहून सांगते. पुढं माझंही तुलाच करायचंय हिच्यात."

"आई! काय बोलता हो!"

"ओरडतेस काय? लिही मुकाट्यानं. गूळ यांना बेताचा लागायचा. माझ्या वेळेला मात्र हात आखडू नकोस हो, मला गोड आवडतं."

मधुवंतीनं लिहिलं खरं, पण तिला वहीवरचं काही धड दिसत नव्हतं.