हळदीच्या फडक्यावरचा अंगठा

कसबा बावड्याच्या रस्त्याला बाळासोंचं गुऱ्हाळ आहे. त्या मंगळवारी तिथं गुळापेक्षा माणसंच जास्त जमली होती. रस उकळायच्या मोठ्या काहिलीतली लागोपाठ तीन आदणं, म्हणजे तीन घाणे, फसली होती. गूळ साच्यातून काढला की ढेपेची काकवी होऊन बसायची. म्हणून हळदीनाथ महाराज आणले होते, पांढऱ्या गाडीतनं.

महाराजांनी चहा घेतला, गुऱ्हाळ फिरून बघितलं आणि सहज विचारलं, "चुना कोण कालवतं हितं?"

"तानाबाई. नि तिची नात," बाळासो म्हणाले. उकळत्या रसातली मळी वर यावी म्हणून चुन्याचं पाणी घालतात, ते काम तीस वर्षं तानाबाईकडं. हा प्रश्न कुणाच्या ध्यानात राहिला नाही. तानाबाईच्या राहिला, पण तो तिला उशिरा आठवला.

महाराजांनी हळदीच्या पाण्यात भिजवलेलं पांढरं फडकं पाटावर अंथरलं आणि आवाज लावला. "काहिलीच्या अग्नीला बाईचा विटाळ लागलाय! हळद देवीची हाय, खोटं बोलत न्हाय. विटाळशीचा हात लागला की रक्त दावती!"

बायकांनी रांगेनं पंजा टेकवायचा. पहिल्या चौघींना फडकं पिवळंच राहिलं. पाचवी प्रियदर्शनी, तानाबाईची नात, आठवीतली. तिनं हात उचलला तर खाली पाची बोटं लालभडक.

पोरगी आज्जीकडं वळली. "आज्जी, परवा आलीया. पहिल्यांदाच. मी कुणाला सांगितलंच न्हाय गं," म्हणाली नि रडायला लागली.

झालं! आणखी काय पाहिजे? कोण नारळ आणायला पळालं, कोण महाराजांच्या पायावर पडलं. पोरीचं बोलणं ऐकून महाराज स्वतःही क्षणभर चकित झालेले दिसले, पण त्यांनी लगेच सावरून निकाल दिला. "दर म्हैन्याला चार दिस हिला कडब्याच्या खोपीत बसवा. आणि शाळा बंद! तिथं शिवाशिव हुती."

बाळासोंनी मान डोलावली. तानाबाईला ती खोप ठाऊक होती. त्या खोपीत तिनं स्वतः थंडीवाऱ्यात, पोटात कळा घेऊन दिवस काढले होते. पण शाळा? नात वर्गात पहिली येत होती. तानाबाईची नजर फडक्यावरच्या लाल रंगावर खिळली. हा रंग तिनं बघितला होता. सासू हळदीला चुना लावून घरीच कुंकू करायची. आणि मग तिला महाराजांचा तो चुन्याचा प्रश्न आठवला. आजही चुना त्या दोघींनीच कालवला होता.

"महाराज, माझाबी हात बघा की."

"तुमचं काय बघायचं, म्हातारं माणूस."

"बघा तर!" तिनं पंजा दाबलाच. लाल. "माझी बंद हून पंधरा वर्सं झाली, ओ!"

"मागच्या जन्माचा विटाळ बाहेर पडतोय," महाराज म्हणाले.

"व्हय का? मालक, तुमचा अंगठा आणा."

बाळासो तंबाखूला चुना लावून मळत उभे होते. "आगं, मी गडीमाणूस हाय की!"

"म्हणून तर म्हणतोय," तानाबाई म्हणाली.

फडक्यावर बाळासोंचा लाल अंगठा उमटला. बाळासोंनी स्वतःच्या मिशीला हात लावून खात्री करून घेतली. मागनं कुणीतरी विचारलं, "मालक, कितवा दिस?"

महाराजांना एकाएकी दुसऱ्या गावची पूजा आठवली आणि पांढरी गाडी निघून गेली.

काकवी न्यायला आलेल्या चंदना मॅडम गर्दीतच होत्या. प्रियदर्शनीला विज्ञान त्याच शिकवायच्या. त्यांनी तिला जवळ घेतलं. "चुन्यानं हळद लाल होते. चुना घालवायला काय लावशील?"

"लिंबू," पोरगी डोळे पुसत म्हणाली. तिनं हातांना लिंबू चोळलं, हात धुतले आणि पंजा पुन्हा टेकवला. फडकं पिवळंच राहिलं. पाळी तर अजून चालूच होती.

"मग हे दर म्हैन्याला येतंय कशापायी?" बाळासोंनी खरंच विचारलं.

"घरात पावणं येतील म्हणून आपण आधीच अंथरूण घालतो ना? तसंच. साधारण महिन्याला अंडाशयातून एक बीज सुटतं. गर्भ राहिलाच तर त्याला रुजायला जागा हवी, म्हणून गर्भाशयात रक्ताचं मऊ अस्तर आधीच तयार होतं. गर्भ राहिला नाही की शरीरातली संप्रेरकं कमी होतात, अस्तर सुटतं आणि बाहेर पडतं. ती पाळी. मग नवं अस्तर. अठ्ठावीस दिवस म्हणतात, पण मागंपुढं होतं. पोरींचं तर सुरुवातीला काही नेम नसतो."

"मग आमच्या म्हशीला कसं येत न्हाय?"

"म्हशीचं शरीर गर्भाची चाहूल लागल्यावर अंथरूण घालतं. बाईचं आधीच घालून ठेवतं. त्यात विटाळ कसला? आपण सगळे त्यावरच वाढलोय."

"मग गूळ का बसंना?"

ह्याला तानाबाईच पुरेशी होती. "ऊस तोडून किती दिस झाले, मालक?"

"चार. ट्रॅक्टर बंद पडलेला."

"चार दिस बाजूला टाकला म्हणून आंबला त्यो! आंबल्या उसाचा गूळ कवा बसलाय? ऊस नासवला तेवढा बास झाला. माझी पोरगी मी बाजूला बसवत न्हाय. उद्या शाळंत जाणार ती."

दुसऱ्या दिवशी ताजा ऊस आला. शाळेतून येऊन प्रियदर्शनीनंच चुना कालवला. पाळीचा चौथा दिवस होता. ढेप दगडासारखी बसली.

गुळाला पाळी कळली नाही, ती माणसांनीच मनाला लावून घेतली होती. तेव्हा बायांनो, बाप्यांनो, चमत्कार दिसला की जोडायच्या आधी हात एकदा धुवा, आणि पुन्हा बघा.