बापाची नखं

आमचा दादा चर्चच्या मंडळीचा वडील, म्हणजे पंच झाला आणि देवाला फुकटचा दरवान मिळाला. रविवारी चर्चच्या पायरीवर हा उभा. कडक कॉलर, तुळतुळीत हनुवटी, चकचकीत बूट. पँटची घडी मोडेल म्हणून हा माणूस प्रार्थनेलाही गुडघे टेकत नाही. येणाऱ्याला नखशिखान्त न्याहाळायचं आणि नाकाने कांदे सोलायचे. "देवाला आवडेल असं राहावं," हे पालुपद. देवाला काय आवडतं ते जणू देव याला दर शनिवारी न्हाव्याच्या दुकानात गाठून सांगतो.

माझा नवरा गाड्या दुरुस्त करतो. वीस वर्षांचं ग्रीस त्याच्या नखांत बसलंय आणि त्यावरच आमची चूल पेटते. मुलीचा बाप्तिस्मा ठरला तेव्हा दादा घरी आला, चहा प्यायला आणि म्हणाला, "भावोजी, या हातांनी लेकरू पुढं न्यायचं? पांढरा झगा आहे तिचा. देवाचा काही मान ठेवा."

नवरा म्हणजे गरीब गाय. शनिवारी कामावरून येऊन मोरीत बसला. रॉकेल, साबण, वाळू, शेवटी तारेचा ब्रश. कातडी सोलली, काळं काही हललं नाही. मी ब्रश हिसकावला तर म्हणाला, "एकच दिवस आहे गं. तिला मलाच न्यायचंय."

रविवारी पायरीवर दादाने त्याचे हात उलटसुलट तपासले. "छे! तुम्ही मागं बसा. मी मामा आहे ना, मी नेतो." आणि मुलगी माझ्याकडून घेतलीसुद्धा. माझा बावळट नवरा खिशात हात घालून खरंच मागच्या बाकावर जाऊन बसला. मला त्याचाही राग आला आणि मी गप्प राहिले म्हणून स्वतःची किळस.

आमच्या मंडळीत मुलाचं नाव बाप ठरवतो आणि पाण्यापाशी येईपर्यंत पोटात ठेवतो. आईलाही सांगत नाही. दादाला हे ठाऊक नव्हतं असं नाही, पण त्याचं सगळं ध्यान नखांत अडकलेलं. पाळकांनी, आमच्या पाद्रीबाबांनी, पाण्यात बोटं बुडवली आणि विचारलं, "नाव?"

दादा या बाकाकडे बघतो, त्या बाकाकडे बघतो. कॉलर घामाने भिजली.

"नाव बापाला ठाऊक," मी मोठ्याने म्हटलं, "आणि बाप मागं बसवलाय."

पाळकांनी हाक मारली. नवरा आला, पण हात खिशातच.

"काढ बाहेर," पाळक म्हणाले आणि मुलगी त्या हातांत दिली. त्याने ती छातीशी घट्ट धरली. नाव दोनदा सांगावं लागलं.

उपासना सुटल्यावर पाहिलं, तर झग्यावर त्याच्या सोललेल्या बोटांच्या जागी रक्ताचे चार ठिपके. दादाही वाकून बघत होता. वाटलं, आता तरी याला लाज वाटेल.

"गार पाण्यात टाक लगेच," तो म्हणाला. "रक्ताचा डाग मागाहून निघत नाही."

त्या दिवसापासून मी त्याला दादा म्हणणं सोडलं.