दोन काठांवर दोन बहिणी

मी बोलतेय ती एक मोटरहोम. अर्धी गाडी, अर्धं घर, आणि खरं सांगायचं तर दोन्हींतलं धड काहीच नाही. सध्या दूर उत्तरेकडच्या, नदीकाठच्या डॉसन गावात क्लिफर्डच्या आवारात उभी आहे. चाकं त्यानं काढून घेतली, खाली लाकडाचे ओंडके लावले, आणि आत त्याची मासेमारीची जाळी कोंबली. येणारे-जाणारे मला भंगार म्हणतात. म्हणू देत. पण नटमेगची गोष्ट या गावात चुकीची सांगितली जाते, आणि ते मला सोसत नाही. लोक म्हणतात, म्हातारी कुत्री होती, वयानं गेली. तसं झालेलं नाही. सगळं माझ्या पोटात घडलं, मी ऐकलं, म्हणून मी सांगते.

माझा जन्म दूर दक्षिणेकडच्या एका कारखान्यात झाला. जाहिरातीत माझ्यामागे बर्फाचा डोंगर रंगवला होता आणि खाली लिहिलं होतं की मी चारही ऋतूंत सुखाची. शुद्ध खोटं. माझ्या भिंती बोटाएवढ्या जाड, आणि पाण्याच्या नळ्या उघड्यावरून नेलेल्या. ज्यांनी ते लिहिलं त्यांना एकदा जानेवारीत इथे आणून निजवावं, असं मला फार वाटतं.

माझ्या पहिल्या मालकांनी मला वर्षातून एकदा धुतलं आणि एकदा फिरवलं. उत्तरेच्या खडीच्या रस्त्यावर दोन टायर फाटल्यावर ते इतके घाबरले, की व्हाइटहॉर्सला मला विकून विमानानं घरी गेले. मला घेतलं लॉर्न आणि मेव्हिस या नवराबायकोनं. लॉर्नचा धंदा स्लेज, म्हणजे बर्फावरची घसरगाडी, ओढणारे कुत्रे पाळण्याचा. उभी हयात त्यानं बर्फावर, कुत्र्यांच्या मागे उभं राहून काढली. म्हातारपणी बायकोला जरा बसून जग दाखवावं म्हणून मला आणली. मेव्हिसनं माझ्या खिडक्यांना पिवळे पडदे शिवले. ते टांगले त्याच हिवाळ्यात ती गेली.

कुत्र्यांची नावं ठेवायची ती मेव्हिसच. एका वेताच्या पिल्लांना एकाच जातीची नावं. एक वेत नद्यांचं, एक पक्ष्यांचं, एक मसाल्यांचं. नटमेग म्हणजे जायफळ आणि सॅफ्रन म्हणजे केशर, त्या मसाल्याच्या वेतातल्या सख्ख्या बहिणी. वर्षानुवर्षं त्या स्लेजच्या पुढे जोडीनं धावल्या. निजताना एकीची मान दुसरीच्या पाठीवर असायची. एकीच्या पुढ्यात थाळी ठेवली तर ती दुसरीची थाळी येईपर्यंत तोंड लावत नसे.

मेव्हिसनंतर लॉर्नचे गुडघे गेले. मुलगी एडमंटनला राहते, ती म्हणाली, बाबा, आता माझ्याकडे या. तिच्या इमारतीत एकच कुत्रा ठेवायची परवानगी होती. तेव्हा त्या शरद ऋतूत लॉर्ननं उरलेली सगळी म्हातारी कुत्री माझ्यात चढवली आणि आम्ही निघालो, वर, जिथे झाडं संपतात त्याच्याही पलीकडे. प्रत्येकासाठी त्यानं एकेक घर हेरून ठेवलं होतं.

तो प्रवास मी विसरणार नाही. माझ्या गाद्यांवर कुत्री, सिंकखाली कुत्री, लॉर्नच्या शेजारच्या सीटवर कुत्रं. ओल्या केसांचा आणि वाळवलेल्या सॅमनचा वास माझ्या लाकडात मुरला तो अजून आहे. टुंड्राचं बिनझाडांचं माळरान शरदात लाल झालं होतं. एकेका गावात थांबायचं, एकाला उतरवायचं. फोर्ट मॅक्फर्सनच्या एका जुन्या शिकाऱ्यानं एक घेतला. इनुविकमधल्या एका नर्सनं दोघं नेली आणि आमच्यादेखतच त्यांना सोफ्यावर चढवलं. लॉर्न कुत्र्याच्या कानामागे खाजवायचा, खाण्याचं काय ते सांगायचा, आणि मागे न बघता माझ्यात येऊन बसायचा. इंजिन लगेच सुरू करत नसे. मी समजून घ्यायची.

परतताना डॉसनला आलो तेव्हा फक्त नटमेग आणि सॅफ्रन उरल्या होत्या. नटमेगचं मूत्रपिंड अधू झालेलं, म्हणून तिला लॉर्न स्वतः नेणार होता. सॅफ्रन ऑड्रीकडे जाणार होती. ऑड्री म्हणजे मेव्हिसची जुनी मैत्रीण, नदीपलीकडे लाकडी खोपटात एकटी राहणारी. तिकडे वीज नाही, पूल नाही. उन्हाळ्यात फेरीबोट, हिवाळ्यात गोठलेली नदी. मधल्या काही आठवड्यांत दोन्ही नसतं. तेव्हा पलीकडचे पलीकडे आणि अलीकडचे अलीकडे.

आता इथल्या माणसांच्या एका सवयीबद्दल सांगितलंच पाहिजे. ही माणसं देतात भरभरून. रस्त्यात गाडी बंद पडली तर अनोळखी माणूस स्वतःचा टायर काढून देईल. पण मागणार नाहीत. दुसऱ्याच्या मनातलं विचारणं म्हणजे त्याच्या घरात न सांगता शिरणं, असं यांना वाटतं. याला ते चांगुलपणा म्हणतात. मी आत बसून ऐकलंय, मी याला दुसरं नाव देते.

ऑड्री आली तेव्हा लॉर्ननं माझ्या शेगडीवर कॉफी ठेवली. हवामानावर बोलणं झालं, लाकडांवर झालं, मेव्हिसवर कुणीच बोललं नाही. मग लॉर्न पेंढा आणायला बाहेर गेला. ऑड्री खाली बसली आणि दोन्ही कुत्र्यांची डोकी मांडीवर घेऊन हळू म्हणाली, "मी तुम्हां दोघींनाही नेलं असतं गं. पण मग त्याच्याजवळ काय राहील?" जरा वेळानं ती हात धुवायला गेली आणि लॉर्न आत आला. त्यानं सॅफ्रनचा पट्टा बांधता बांधता तिच्या कानात सांगितलं, "दोघींना ठेव म्हणालो असतो तिला. पण एकटी बाई, एवढंसं खोपट. कुठल्या तोंडानं सांगू?"

दोन्ही वाक्यं माझ्याच चार भिंतींत बोलली गेली. माझ्याकडे हॉर्न होता, दिवे होते, वायपर होते. यातल्या कशानं सांगायचं?

सॅफ्रन फेरीबोटीत चढली ती मुकाट. तिला वाटलं असेल, नटमेग मागून येतेय. बोट मध्यावर गेल्यावर ती वळली. नटमेग माझ्या पायरीवर उभी होती. लॉर्ननं तिला उचलून आत घेतलं आणि दार लावलं.

आम्ही दक्षिणेला निघालो. नटमेगनं थाळीला तोंड लावलं नाही. लॉर्न म्हणाला, खाईल, चार दिवसांनी विसरेल. कुत्री विसरतात असं माणसं एकमेकांना सांगत असतात, कारण त्यांना ते सोयीचं पडतं. वाटेतल्या स्ट्युअर्ट क्रॉसिंगला त्यानं मूस हरणाच्या मांसाचा रस्सा करून चमच्यानं पाजून बघितला. तिनं तो चाटला आणि ओकून टाकला. तिथून थोडं पुढे गेल्यावर लॉर्ननं रस्त्याच्या मधोमध मला वळवलं. मला इतका आनंद झाला, की चढावर मी कधी नव्हे तो दम खाल्ला नाही.

डॉसनच्या धक्क्याशी पोचलो तेव्हा क्लिफर्ड साखळ्या गुंडाळत होता. फेरीबोटीवर काम करणारा हाच तो क्लिफर्ड. बोट काठावर ओढून घेतली होती. नदीतून बर्फाचे तवे एकमेकांवर घासत चालले होते.

"कालच ओढली," तो म्हणाला. "काही राहिलं होतं का पलीकडे?"

"काही नाही," लॉर्न म्हणाला. माझं इंजिन तापलेलं होतं, पण त्या उत्तरानं मी गार पडले.

ऑड्रीचा फोन काठावर आली तरच लागायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी ती तिच्या काठावर आली. पलीकडे एक लाल कोट दिसत होता आणि शेजारी एक करडा ठिपका. लॉर्न माझ्या पायरीवर बसून, फोन स्पीकरवर टाकून बोलत होता.

ऑड्रीनं विचारलं, नटमेग कशी आहे. लॉर्न म्हणाला, खात नाही. ऑड्री म्हणाली, ही पण नाही. दिवसभर नदीकडे तोंड करून बसते. फोनमधूनही नदीचा आवाज येत होता, काचा दळाव्या तसा.

"मला दोघी हव्या होत्या, लॉर्न," ऑड्री म्हणाली.

"मग तोंडात काय मूग धरले होतेस?"

"तुझ्या तोंडात काय होतं? बर्फ?"

लॉर्न हसला. मग त्याचा चेहरा असा झाला, की मी माझी काच धुरकटून घ्यावी म्हटलं.

संध्याकाळी सॅफ्रननं पलीकडून हाक दिली. लांब, खालून वर जाणारी. नटमेग उठली, माझ्या पायरीवर आली आणि तिनं उत्तर दिलं. मग रोज तेच. गावातली माणसं दारात येऊन ऐकायची. कुणी लॉर्नला मांस आणून दिलं, कुणी रॉकेल, कुणी रजया. आमच्याकडे येऊन झोप, असं चार घरांनी सांगितलं. लॉर्न म्हणाला, बरा आहे मी. थंडी वाढली, तसा टाकीतला गॅस शेगडीपर्यंत येईनासा झाला. माझ्या नळ्या एकेक करून फुटल्या. पिवळ्या पडद्यांवर आतून हिंव साचलं. मला स्वतःचं काही नाही. पण ती कुत्री माझ्यात निजत होती आणि मला तिला ऊब देता येत नव्हती.

त्या दिवसांत एक हेलिकॉप्टर नदी ओलांडत असे. पलीकडच्या एका बाईचे दिवस भरले होते, एका म्हाताऱ्याची औषधं न्यायची होती. लॉर्न मान वर करून ते बघायचा. एकदा उठून कोट घातला, टोपी घातली, दारापर्यंत गेला. मग नटमेगला म्हणाला, "कुत्रीसाठी हेलिकॉप्टर मागू? हसतील गं." आणि टोपी काढून बसला.

एवढा मोठा धडा मिळूनही तो तिथेच अडला. याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो.

एका सकाळी नटमेग उठली नाही. लॉर्ननं तिला हाक मारली, मग मारली नाही. तिला आपल्या कोटात गुंडाळलं. जमीन दगडासारखी झाली होती, खणता येणार नव्हती, म्हणून माझ्याच सामानाच्या कप्प्यात नीट ठेवलं.

त्या संध्याकाळी पलीकडून हाक आली. इकडून उत्तर गेलं नाही. पुन्हा आली. माझ्या आयुष्यात मी तेवढं लांब काही ऐकलं नाही. तेव्हा लॉर्न काठावर गेला, गुडघ्यांवर हात ठेवून उभा राहिला आणि त्यानं तोंड वर करून हाक दिली. कुत्र्यांबरोबर ओरडण्यात त्याचा जन्म गेलेला. हुबेहूब नटमेग. पण सॅफ्रन गप्प झाली. तिला कळलं. त्यानंतर ती ओरडली नाही.

क्लिफर्डला हे कळलं तेव्हा तो माझ्या दारात उभा राहून लॉर्नला नको ते बोलला. म्हणाला, "अरे, तो पायलट माझा मेहुणा आहे. रोज रिकामाच परत येत होता. मला एक शब्द बोलला असतास तर मी कुत्रीला मांडीवर घेऊन गेलो असतो." बोलता बोलता तो रडला आणि मग रडू आल्याचाही त्याला राग आला.

नदी गावासमोर त्या वर्षी गोठून मिटलीच नाही. पण वरच्या अंगाला बर्फ धरला. गावकऱ्यांनी भोकं पाडून जाडी बघितली आणि काठ्या रोवून वाट आखली. त्या वाटेनं ऑड्री छोटी स्लेज घेऊन आली. ओढायला सॅफ्रन. हाडं वर आलेली, तरी पट्ट्यात मान ताठ. ती सरळ माझ्यात चढली. गादी हुंगली, थाळी हुंगली. मग बाहेर जाऊन सामानाच्या कप्प्यासमोर बसली. लॉर्ननं कप्पा उघडला. तिनं कोटावर नाक टेकवलं, बराच वेळ.

ऑड्रीनं नटमेगला स्लेजवर ठेवलं, दोरी बांधली. मग लॉर्ननं घसा खाकरला. म्हणाला, "ऑड्री, मी पलीकडे आलो तर चालेल का? राहायला."

"लाकडं फोडता येतात अजून?"

"बसून येतात."

"मग बसून फोड," ऑड्री म्हणाली. "एवढं विचारायला नदी आडवी यावी लागली तुला."

ते गेले. पुढे सॅफ्रन, मागे बहीण, तिच्यामागे दोन म्हातारी माणसं. माझं दार त्यानं लावलं नाही. लावलं नाही म्हणून मला वाईटही वाटलं नाही.

आता लॉर्न उन्हाळ्यात कधीतरी फेरीबोटीनं येतो, तेव्हा क्लिफर्डकडे डोकावतो. सॅफ्रन बरोबर नसते. ती दुसरा हिवाळा पाहू शकली नाही. तो माझ्या पत्र्यावर हात ठेवून उभा राहतो. त्याच्या मनात काय असतं ते मला ठाऊक आहे. नटमेगला गादीवर घेऊन तो रोज माफी मागत काय बोलायचा, ते मीच ऐकलेलं आहे. ते मी ऑड्रीला कधी सांगू शकणार नाही, आणि तो तर सांगणारच नाही.

म्हणून वाचणाऱ्यांनो, तुम्हाला सांगते. समोरच्याला त्रास होईल म्हणून जे गिळता, ते बहुतेक वेळा त्यालाच हवं असतं. विचारा. नाही म्हणाला तर तोंडावर नाही म्हणेल, त्यानं कुणी मरत नाही. न विचारल्यानं मेलेली एक मी माझ्या पोटात ठेवली होती. तिचं वजन फार नव्हतं. पण माझा सांगाडा त्या बाजूला कलला आहे, आणि क्लिफर्डनं कितीही ओंडके घातले तरी तो सरळ होत नाही.