टेबलाखालची टीचर

इंग्रजीच्या बाईंनी भर वर्गात मला 'कॉन्फिडंट' म्हटलं आणि त्या दिवसापासून आमच्या घरात कोणाचंही इंग्रजी सुरक्षित राहिलं नाही. बाबा फोनवर एक वाक्य बोलले की मी मागून त्याची दुरुस्ती करायची. आईने तर मी घरात असताना फोन उचलणंच सोडलं. गेल्या वर्षीपर्यंत वर्गात उभी राहिले की माझ्या तोंडाला कुलूप लागायचं. आता कुलूप निघालं होतं आणि मी ते कुठेतरी फेकूनही दिलं होतं. आत्मविश्वास एवढा नवा कोरा, की त्याचा वरचा कागद काढायचंसुद्धा मला सुचलं नव्हतं.

आणि नेमकी तेव्हाच मामाला माझी गरज पडली. निदान माझी तरी तशी समजूत झाली.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. आमच्याकडेच राहतो, लिफ्ट दुरुस्त करतो. कधी लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात उतरायचं, कधी उभ्या लोखंडी शिडीवरून गच्चीतल्या मशीनच्या खोलीत चढायचं, असं त्याचं काम. यंदा त्याच्या उजव्या गुडघ्याने संप पुकारला. डॉक्टर म्हणाले, शिड्या बंद. आता शिडी बंद म्हणजे नोकरीच बंद, पण कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये एक जागा निघाली होती. लिफ्टमध्ये कोणी अडकलं आणि आतलं बटण दाबलं की फोन तिथे लागतो. तिथल्या माणसाने अडकलेल्याशी बोलायचं आणि जवळचा मेकॅनिक पाठवायचा. आणि हे सगळं खुर्चीत बसून! मामा 'खुर्ची' हा शब्द असा उच्चारायचा, जसं कोणी 'राजवाडा' म्हणेल.

अडचण एवढीच की निम्मे फोन इंग्रजीत यायचे, म्हणून मुलाखतही इंग्रजीतच होती. घरूनच, व्हिडिओ कॉलवर.

"बाकी मी बघून घेईन," मामा म्हणाला. "मला फक्त मेकॅनिक कधी येईल ते नीट सांगायला शिकव. अडकलेला माणूस दुसरं काही विचारतच नाही."

'कधी' हा शब्द ऐकला आणि माझ्या अंगातच आलं. आम्हाला शाळेत नुकतंच तेच शिकवलं होतं! नुसतं 'आफ्टर लंच' म्हणजे जेवणानंतर, पण नंतर म्हणजे किती नंतर? पुढे 'राइट' लावलं की जेवल्या जेवल्या. 'शॉर्टली' लावलं की थोड्या वेळाने. 'लाँग' लावलं की भांडी घासून, वामकुक्षी होऊन, चहाची वेळ झाल्यावर. मी लगेच पुठ्ठ्याची कार्डं कापली. निळ्या कार्डांवर हे छोटे शब्द लिहिले: राइट, जस्ट, शॉर्टली, सून, लाँग, वेल. पिवळ्यांवर वेळा लिहिल्या: आफ्टर लंच, बिफोर नून, आफ्टर युअर कॉल.

"एक निळं उचलायचं, एक पिवळं, की झालं वाक्य," मी म्हटलं.

"एवढे प्रकार कशाला लागतात यांना?" मामा कार्डं पत्त्यांसारखी पिसत म्हणाला. "मी इतकी वर्षं सगळ्यांना 'आलोच' सांगतोय."

"आलोच म्हणजे कधी?"

"आलोच म्हणजे आलो की!"

"याचं आलोच म्हणजे जेवण दोनदा गरम करायचं," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "शिकव गं त्याला, चांगलं शिकव."

मग काय, घरभर क्लास सुरू झाला. सकाळी मामा टॉवेल खांद्यावर टाकून म्हणाला, "आय विल टेक बाथ लाँग आफ्टर लंच."

"काय म्हणतोय हा?" आईने विचारलं.

"आंघोळ दुपारी, तीही उशिरा."

"आणि मार खाणार आत्ताच्या आत्ता. त्याचं कुठलं कार्ड आहे बघ."

मामा विद्यार्थी म्हणून चांगला होता, म्हणजे प्रश्न फार विचारायचा. "टीचर, 'सून आफ्टर' चालतं, मग 'सून बिफोर' का नाही?"

मला अजिबात माहीत नव्हतं. "नाही चालत म्हणजे नाही चालत," मी बाईंच्या आवाजात म्हटलं. माहीत नसलं की आवाज वाढवायचा, हे मात्र मी कोणी न शिकवता शिकले होते.

मुलाखतीच्या दिवशी मामाने इस्त्रीचा शर्ट घातला, केसांना पाणी लावलं आणि मला म्हणाला, "तू जरा मैत्रिणीकडे जाऊन ये."

"आणि तुझी दांडी गुल झाली तर? मी कार्डं दाखवते ना."

"दाखवणार कुठून? लॅपटॉपच्या मागे भिंत आहे."

भिंत होती खरी, पण टेबलाखाली कोणी बसत नव्हतं. मामाला ते आधी पटलं नाही, पण घाबरलेल्या माणसाला काहीही पटवता येतं, आणि त्या आठवड्यात मी कोणालाही काहीही पटवत होते. मी टेबलाखाली मांडी घालून बसले. समोर मामाचे दोन गुडघे होते, एक संपावरचा आणि एक कामावरचा. कार्ड त्यांच्यामध्ये धरायचं, मामाने खाली बघून वाचायचं. योजना फुलप्रूफ!

मुलाखत घेणाऱ्या मॅडमचा आवाज थंड आणि स्वच्छ होता. पहिले दोन-तीन प्रश्न बरे गेले. मग त्यांनी विचारलं की तुम्ही सारखं खाली काय बघताय, बरं वाटतंय ना?

"माय नी, मॅडम," मामा म्हणाला. "नी पेन."

मी टेबलाखाली स्वतःचीच पाठ थोपटली. काय हजरजबाबी विद्यार्थी घडवला होता मी!

"ठीक आहे," मॅडम इंग्रजीत म्हणाल्या. "समजा, मी लिफ्टमध्ये अडकलेय. एकटी आहे. दिवा गेलाय. मी तुम्हाला फोन केलाय. मेकॅनिक कधी येईल?"

हाच तो प्रश्न! इथेच तर माझी कला दिसणार होती. पण आनंदाच्या भरात मी गठ्ठाच उलटा केला, कार्डं फरशीवर पसरली, आणि टेबलाखालच्या अंधारात जे हाताला लागलं ते मी वर धरलं. एक निळं, एक पिवळं. मामाचा माझ्यावर स्वतःपेक्षा जास्त विश्वास. त्याने खणखणीत आवाजात वाचलं, "मेकॅनिक विल कम लाँग आफ्टर युअर कॉल!"

"लाँग आफ्टर?" मॅडम म्हणाल्या. "मग तोवर मी काय करू?"

"अगं बाई, दुसरं दे ना!" मामा खाली बघून कुजबुजला. म्हणजे तो समजत होता की तो कुजबुजतोय.

"तुमच्याबरोबर तिथे आणखी कोणी आहे का?"

इथे कोणत्याही शहाण्या मुलीने श्वास रोखून धरला असता. मी उठले. टेबलाखाली उठले. डोकं असं दाणकन आपटलं की लॅपटॉप उडाला आणि मॅडमना आमचं छत दिसलं. मामाने तो सरळ केला तोवर मी बाहेर येऊन त्याच्या शेजारी उभी, केस विस्कटलेले, हातात निळी कार्डं. आणि परिस्थिती सावरायला मी एकच वाक्य बोलले, अत्यंत कॉन्फिडंटली:

"राइट जस्ट शॉर्टली सून आफ्टर युअर कॉल, मॅडम!"

हातातली सगळी कार्डं एका दमात संपवली.

मॅडमनी चष्मा काढला, डोळे चोळले, चष्मा परत लावला. "मुली," त्या म्हणाल्या, "अंधार आहे, तू लिफ्टमध्ये एकटी अडकली आहेस, आणि फोनवरच्या माणसाने तुला हे सांगितलं. तुला काय कळेल?"

फेकून दिलेलं कुलूप कुठून आलं कोण जाणे, पण ते माझ्या तोंडाला परत लागलं. आणि माझ्या शेजारी मामाचा हात त्या दुखऱ्या गुडघ्यावर घट्ट दाबलेला मला दिसला. ही माझी वक्तृत्व स्पर्धा नव्हती. त्याची खुर्ची होती.

"मॅडम," मामा त्याच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला, "शी इज माय टीचर. गुड टीचर. मिस्टेक माइन. प्लीज, वन मोअर चान्स. विदाउट टेबल."

मॅडमनी समोरची डायरी चाळली. मग मॅडम म्हणाल्या, "परवा सकाळी. आणि घरात फक्त तुम्ही."

ठरलेल्या सकाळी आई भाजी आणायला गेली आणि मामाने मला जिन्यात बसवलं. "वेल बिफोर द इंटरव्ह्यू," तो म्हणाला, म्हणजे मुलाखतीच्या चांगलंच आधी. वाक्य अगदी बरोबर होतं. कौतुक करायची माझी हिंमत झाली नाही. माझा फोनही त्याने काढून घेतला होता.

मी पायरीवर बसले. दाराआडून आवाज यायचा, पण शब्द नाहीत. मामा बोलतोय की मॅडम, हसतायत की रागावल्यायत, काही कळेना. वरच्या मजल्यावरच्या काकू उतरल्या. "शिक्षा झाली का गं?" मी म्हटलं, "हो." त्या निघून गेल्या. आवाज थांबला. दार उघडेना. मुलाखत संपली, की फोन तुटला, की मामा आत एकटाच डोक्याला हात लावून बसलाय? वाट बघण्याचे सहा शब्द मी ऐटीत शिकवले होते, पण स्वतः अशी वाट कधी बघितली नव्हती. त्या क्षणी कोणी दार न उघडता नुसतं आतून 'आलोच' म्हटलं असतं, तरी मी रडले असते.

आई भाजीची पिशवी घेऊन वर आली. "संपलं?"

"माहीत नाही."

तीही माझ्या शेजारी पायरीवर बसली. तेवढ्यात दार उघडलं.

"अडकलेल्या बाई सुटल्या का?" आईने विचारलं.

"सुटल्या." मामा चौकटीला टेकला. "परत तोच प्रश्न. मला शब्दच आठवेना. म्हणून म्हटलं, मॅडम, आय डोन्ट कट फोन. यू डोन्ट पुश डोअर. त्या म्हणाल्या, ते ठीक, पण मेकॅनिक कधी? तेव्हा मात्र आठवलं. शॉर्टली आफ्टर युअर कॉल."

"माझं कार्ड!" मी ओरडले.

"तुझं कार्ड. एकच, बरं का."

"मग? मिळाली?"

"तीन महिने बघतो म्हणाल्या." आता त्याला हसू आवरेना. "खुर्चीला हात पण आहेत, दाखवली त्यांनी. फक्त एक अट आहे. इंग्रजीचा क्लास लावायचा."

"त्यात काय! मी आहे ना!"

"बाहेरचा म्हणाल्या," मामा म्हणाला. "दोनदा म्हणाल्या, बाहेरचा."

"बरं, कधीपासून?"

"जॉइन झालो की."

"जॉइन झालो की म्हणजे राइट आफ्टर की लाँग आफ्टर?"

मामाने आईकडे पाहिलं. आईने पिशवी उचलली, आत गेली आणि दार लोटता लोटता म्हणाली, "हिला अजून थोडा वेळ जिन्यातच राहू दे रे."