द्वादशीचा आवळा

द्वादशीची सकाळ होती. आई विळीवर हादग्याचा पाला चिरत होती आणि मी समोर बसून तिला मासिकातला एक लेख वाचून दाखवत होते. साखर जास्त झाली की ती त्वचेतल्या कोलॅजेनला चिकटते, ते ताठर होतं आणि सुरकुत्या लवकर येतात. क जीवनसत्त्व मिळालं नाही तर शरीराला नवं कोलॅजेन नीट बनवता येत नाही.

"आणि तुझ्या कॉफींत साखर किती गे?" आईने मान वर न करता विचारलं.

मी पान उलटलं.

आमचे पूर्वज मराठ्यांबरोबर तंजावर प्रांतात आले ते विठ्ठल आणि एकादशी घेऊन. उपास सोडताना हादगा आणि आवळा खाण्याची रीत मात्र त्यांनी इथल्या शेजारणींकडून उचलली असावी. द्वादशीला चिंच चालत नाही. आंबट हवं तर आवळा.

दुपारी भाचीच्या, कीर्तीच्या, लग्नाची साडी घ्यायला आम्ही दोघी दारासुरमला विणकरांकडे गेलो. विणकराच्या घरातल्या शिवकामीने आम्हां दोघींकडे पाहिलं आणि माझ्याकडे बोट करून आईला तमिळमध्ये विचारलं, "या तुमच्या थोरल्या बहीण का?"

आई परतताना रिक्षात इतकी हसली की रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं. दारात उतरताना तिने मला हात दिला. "अक्का, सांभाळून."

तिच्या चेहऱ्यावर सुरकुत्या होत्या, पण हसण्याच्या जागी तेवढ्या. एक वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. ते तिथेच ठेवून मी म्हणाले, "आवळ्यातलं क जीवनसत्त्व, दुसरं काय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आई उठली नाही.

मग अप्पा, माझे वडील, जेवेनासे झाले. कॉफी, दोन इडल्या, पुन्हा कॉफी. थोड्याच महिन्यांत गाल आत गेले. हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची. डॉक्टरांनी बजावलं, पाणी, डाळी, ताक, पालेभाजी पोटात गेलीच पाहिजे, नाहीतर भरती करावं लागेल. मी रोज नवं काही करायची. अप्पा ताटाला नमस्कार करून उठायचे. एकादशीचा उपास तेवढा त्यांनी चुकवला नाही.

म्हणून या द्वादशीला मी पहाटेच हादगा चिरला. डाळ, पाला, सार, सगळं आईच्या क्रमाने मांडलं. अप्पांनी साराचा घोट घेतला आणि थांबले.

"चिंच?"

हाताच्या सवयीने घातली गेली होती.

"द्वादशीला? तुझ्या आईने पातेल्यासकट तुज रस्त्यावर बसवली असती."

त्यांचे खांदे हलत होते. मी घाबरून पाहिलं, तर ते हसत होते. मग नेसलेली वेष्टी आवरून उठले आणि थेट स्वयंपाकघरात आले.

"आवळा उकड. बी काढ. खोबरं, हिरवी मिरची घाल, वाटून ताकात सोड."

"तुम्हांला कसं ठाऊक, अप्पा?"

"इतकी वर्षं दारात बसून वास घेत होतो, तो फुकट?"

मिक्सरचं बटण त्यांनीच दाबलं. झाकण माझ्या हातात होतं. हिरवट वाटण माझ्या गालांवर, त्यांच्या कपाळावर, भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर उडालं.

अप्पांनी मला नीट न्याहाळलं. "बरं झालं. खाऊन गुण येत नव्हता, आता लेप लागला. तोंड पूस, थोरली अक्का."

म्हणजे आईने त्यांना सांगितलं होतं. त्या रात्री दोघं माझ्यावर हसले असणार. मलाही हसू आवरेना. ओट्याला टेकून मी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

उरलेलं वाटण ताकात गेलं. अप्पांनी ती आवळ्याची पचडी भातावर घेतली, मग नुसती वाटीत, मग पाल्याची भाजी पुन्हा मागितली. वाटी बोटाने निपटून म्हणाले, "मीठ कमी आहे. पुढच्या द्वादशीला बघ."

पुढच्या द्वादशीला. मी मान हलवली.

विळी आईच्या जागी, भिंतीला टेकून होती. गालावर आवळा अजून चुणचुणत होता. मी त्या जागेकडे वळले आणि अप्पांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"आई, तू फार सुंदर दिसतेस गे. मज तुझ्यासारखं म्हातारं व्हायचं आहे."