परसातला खड्डा

"आई, बाजूला हो. इथूनच गेल्यात वायरी," डेल म्हणाला आणि त्याने फावडं पुन्हा मातीत खुपसलं.

सकाळपासून तो परस खणत होता. लिंबाची मुळं उघडी पडली होती. एकेचाळीस वर्षांचा मुलगा, ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट पिरीचं रणरणतं ऊन आणि अंगात हिवाळी कोट. ग्लेनिस पाण्याचा ग्लास घेऊन उभी होती. इंजेक्शन चुकलं की तिसऱ्या आठवड्यात त्याला आवाज ऐकू येऊ लागतात, हे अकरा वर्षांत तिला पाठ झालं होतं. या खेपेला त्याने दोन चुकवली होती.

कुंपणापलीकडून शेजारच्या नोरीनने विचारलं, "काय गं, काय चाललंय?"

"पाइप बदलतोय."

अशी उत्तरं तिच्या जिभेवर तयार असत. डेल खाणीवर गेलाय. डेलला सर्दी झालीय. तीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईखान्यात तिने परक्यांच्या चादरींचे डाग काढले होते. आपल्या घरातलं मात्र कुणाला दिसू द्यायचं नाही. दवाखान्याची माणसं दोनदा दाराशी आली, तेव्हा "आमचं आम्ही बघतो" म्हणून तिने त्यांना परत पाठवलं होतं.

ग्लास द्यायला ती वाकली आणि कडेची माती सरकली. ग्लेनिस खड्ड्यात कोसळली. घोट्यातली कळ मस्तकात गेली.

"डेल, हात दे रे."

डेलने तिच्याकडे पाहिलं. "तू माझी आई नाहीस," तो शांतपणे म्हणाला आणि दुसऱ्या टोकाला खणू लागला. माती तिच्या मांडीवर उडत राहिली.

नोरीन धावत आली. तिने काखेत हात घालून तिला वर ओढलं.

"कुणाला बोलावू नकोस," ग्लेनिस पुटपुटली.

"गप्प बस. पाय बघ तुझा! अकरा वर्षं तुझे पाइपच बदलतायत, मला काय कळत नाही?"

ग्लेनिसने सुजलेल्या घोट्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "स्वयंपाकघरातल्या खणात, चमच्यांखाली, दवाखान्यावाल्यांचं कार्ड आहे."

तासाभराने दवाखान्यातला सेमी आला. फिजीचा, दारातून जेमतेम मावणारा माणूस. त्याने डेलला हात लावला नाही. बूट काढून खड्ड्याच्या कडेला बसला.

"दमला असशील, गड्या. किती खोल गेलास?"

अर्धा तास दोघं वायरींबद्दल बोलत होते. शेवटी डेलने फावडं टाकलं.

"येतो. पण आई पाहिजे बरोबर."

सेमी वळला. "मावशी, तुम्ही ठरवा. मी असेन त्याच्यापाशी."

दर वेळी त्याच्याबरोबर इस्पितळात तीच गेली होती. त्याला आत नेलं की बाहेरच्या बाकावर दिवस दिवस बसली होती. 'येते' तिच्या ओठांवर आलं होतं.

"तू जा, डेल. मी नाही येत."

"तू नेहमी येतेस."

"हो रे. आज सेमी येईल."

डेल तिच्याकडे बघत राहिला. मग गाडीत जाऊन बसला. वळून पाहिलं नाही.

"चल, आता तुला डॉक्टरकडे नेते," नोरीन म्हणाली.

"थांब जरा. पाचच मिनिटं."

मागच्या पायरीवर, भिंतीला डोकं टेकून, ग्लेनिस बसल्या बसल्या झोपली. तोंड उघडं, हात मातीने भरलेले. ऊन चेहऱ्यावर आलं तशी नोरीनने आपली टोपी काढली आणि सावली पडेल अशी धरून उभी राहिली. हात भरून आला, तेव्हा तिने हात बदलला.